सर्व्हरसाठी अँटिव्हायरस निवडताना: चार उत्पादने वापरून पाहिल्यानंतर

महिनाअखेरीचे काम संपवून रात्री साडेअकराला डेटाबेस सर्व्हर रीस्टार्ट केला. सर्व्हर सुरू झाला, पण हिशेबाचा मुख्य डेटाबेस काही सुरू होईना. त्याच्या नावापुढे ‘रिकव्हरी पेंडिंग’ असे लिहिलेले होते आणि एररच्या नोंदींमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा ३२ क्रमांकाचा संदेश होता, ज्याचा अर्थ एवढाच, की ही फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या ताब्यात असल्यामुळे उघडता येत नाही. ती दुसरी प्रोसेस म्हणजे आमचाच अँटिव्हायरस. सर्व्हर सुरू होताच त्याने सगळ्यात मोठी डेटा फाइल तपासायला घेतली होती आणि एसक्यूएल सर्व्हर हे डेटाबेस चालवणारे सॉफ्टवेअर तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ती अडवून ठेवली होती. डेटा शाबूत होता. तपासणी थांबवून सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यावर वीस मिनिटांत सगळे सुरळीत झाले. पण ज्याला राखणीला बसवले त्यानेच दार अडवले, ही गोष्ट मनातून गेली नाही. त्या उत्पादनाचे नाव येथे घेत नाही, कारण दोष अर्धा त्याचा असला तरी अर्धा आमचा होता. डेटाबेसच्या फाइली तपासणीतून वगळायच्या असतात, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते.

लायसन्सचे नूतनीकरण जवळ आले होते, त्यामुळे आहे तेच पुढे चालू ठेवण्याऐवजी सर्व्हरसाठी बनवलेली चार उत्पादने एकेक करून वापरून पाहिली: मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, ईसेट सर्व्हर सिक्युरिटी, बिटडिफेंडर ग्रॅव्हिटीझोन आणि सोफोसचे सर्व्हरसाठीचे इंटरसेप्ट एक्स. आमच्याकडे वापरकर्त्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारे दोन डोमेन कंट्रोलर, एक फाइल सर्व्हर, दोन डेटाबेस सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन चालवणारे दोन हायपर-व्ही होस्ट आणि वेबसाठी लिनक्सच्या दोन मशीन आहेत. मध्यम आकाराच्या बऱ्याच व्यवसायांचा पसारा साधारण असाच असतो, म्हणून हा अनुभव इतरांनाही उपयोगी पडावा. प्रत्येक उत्पादन आधी मूळ सर्व्हरच्या नकलेवर आणि मग कमी जोखमीच्या एका खऱ्या सर्व्हरवर चालवले. हजारो व्हायरसचे नमुने जमवून ‘कोण किती पकडतो’ अशी शर्यत मी लावलेली नाही. ते काम प्रयोगशाळांचे आहे आणि त्यांच्या निकालांविषयी पुढे लिहिले आहे. सर्व्हरच्या रोजच्या कामात उत्पादन कुठे आडवे येते आणि चुकले तर त्याला किती लवकर आवरता येते, हे मला पाहायचे होते.

आधी एक मूलभूत गोष्ट. घरगुती किंवा साध्या डेस्कटॉपसाठीचे अँटिव्हायरस सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बहुतेक वेळा बसतच नाही. इन्स्टॉलर सिस्टिमची आवृत्ती पाहून नकार देतो. काही जण त्याला चकवून बसवतातही. तसे करू नये, आणि त्यामागे लायसन्सच्या अटींपेक्षा मोठे कारण आहे. डेस्कटॉपचे उत्पादन समोर माणूस बसलेला आहे असे धरून चालते. ते खिडक्या उघडून प्रश्न विचारते, मशीन मोकळी दिसली की तपासणी सुरू करते आणि अपडेटनंतर रीबूट मागते. सर्व्हरसमोर कोणी बसलेले नसते आणि रात्री दोनला तो ‘मोकळा’ दिसत असला तरी त्याच वेळी बॅकअप चालू असतो.

रिअल-टाइम संरक्षण, म्हणजे फाइल उघडताक्षणी होणारी तपासणी, नेमके कुठे बसते, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. विंडोज सर्व्हरवर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएलटीएमसी’ ही कमांड चालवली, की फाइल सिस्टिमवर बसलेल्या फिल्टर ड्रायव्हरची यादी येते. प्रत्येक नावापुढे ‘अल्टिट्यूड’ नावाचा क्रमांक असतो. हा ड्रायव्हर थरांच्या उतरंडीत कितव्या उंचीवर आहे, ते त्यावरून कळते. अँटिव्हायरसच्या फिल्टरसाठी मायक्रोसॉफ्टने ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा राखून ठेवला आहे. फाइल उघडण्याची प्रत्येक मागणी या थरातून खाली जाते आणि फिल्टरने होकार दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर दिसले, तर सर्व्हर संथ का झाला याचे उत्तर बहुधा तिथेच असते. आमच्या फाइल सर्व्हरवर तसे दोन सापडले. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या उत्पादनाचा उरलेला अवशेष होता. कंट्रोल पॅनलमधून काढले म्हणजे सगळे गेले, हा आमचा समज त्या यादीने खोटा ठरवला.

आता वगळणीच्या यादीकडे येतो. सर्व्हरच्या अँटिव्हायरसचे अर्धे यश या यादीवर अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे, आणि म्हणूनच उत्पादन निवडताना मी तिला सर्वांत जास्त गुण दिले. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ (म्हणजे डेटाच्या आणि लॉगच्या) फाइली, त्याच्या बॅकअपच्या फाइली, डोमेन कंट्रोलरवरील डिरेक्टरीचा डेटाबेस आणि त्याचे लॉग, हायपर-व्ही होस्टवरील व्हर्च्युअल डिस्क आणि मशीनच्या कॉन्फिगरेशनच्या फाइली हे सगळे रिअल-टाइम तपासणीबाहेर ठेवण्याची शिफारस स्वतः मायक्रोसॉफ्ट करते. हायपर-व्हीच्या बाबतीत ही सूचना विसरली, तर व्हर्च्युअल मशीन सुरू न होणे किंवा व्यवस्थापकाच्या यादीतूनच नाहीशी होणे असे प्रकार घडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मशीन कोणी पुसून टाकली असेच वाटते. वगळणी दोन प्रकारची असते, हेही लक्षात ठेवावे. फोल्डर वगळले, तर तिथे कोणीही आणून टाकलेली कोणतीही फाइल न तपासता राहते. प्रोसेस वगळली, तर त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइलींपुरती सूट मिळते, पण त्याच फाइली दुसऱ्या कोणी उघडल्या तर तपासणी होते. शक्य असेल तिथे दुसरा प्रकार पत्करावा, आणि प्रोसेसचे नुसते नाव न देता पूर्ण मार्ग द्यावा; नाही तर त्याच नावाची खोटी प्रोसेस भलत्या फोल्डरमधून चालवून ती सूट कोणीही लाटू शकतो.

ही यादी एकदा केली की संपली, असे मात्र नाही. एक्सचेंज मेल सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षे दिलेल्या वगळणीच्या यादीतून फेब्रुवारी २०२३ मध्ये काही नोंदी काढून टाकायला सांगितले. त्यात एएसपी डॉट नेटच्या तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर होते, तसेच पॉवरशेल आणि वेब सर्व्हरची कामकरी प्रोसेसही होती. हल्लेखोर आपली वेब शेल, म्हणजे दुरून सर्व्हर हाताळू देणारी छोटी स्क्रिप्ट, नेमकी अशा ठिकाणी ठेवतात, हे २०२१ च्या एक्सचेंजवरील हल्ल्यांनंतर सगळ्यांना कळले होते. व्यवसायाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा प्रकार याहून बिकट आहे. आमच्या एका विक्रेत्याच्या इन्स्टॉलेशनच्या कागदात ‘आमचे संपूर्ण फोल्डर आणि त्यातील सर्व प्रोसेस अँटिव्हायरसमधून वगळा’ असे एका ओळीत लिहिलेले आहे, आणि कारण विचारले तर ‘नाही तर स्लो होते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस जगभर पसरला, तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ज्या फोल्डरवर सगळे डोळे झाकून विश्वास टाकतात तिथूनच. त्या विक्रेत्याला मी लेखी कळवले, की कोणती फाइल आणि कोणती प्रोसेस ते सांगा, तेवढीच वगळतो. तीन आठवड्यांनी चार नावे आली.

आता एकेका उत्पादनाकडे. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर विंडोज सर्व्हर २०१६ पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये आधीपासूनच असते, त्यामुळे ते ‘फुकटचे’ म्हणून दुर्लक्षिले जाते किंवा ‘आहेच की’ म्हणून गृहीत धरले जाते, दोन्ही चूक. डोमेन कंट्रोलर, डीएनएस, हायपर-व्ही यांसारख्या सर्व्हरच्या अंगभूत भूमिका ओळखून ते त्यांची वगळणी आपोआप लावते, ही मोठी सोय आहे. पण ही आपोआप लागलेली सूट फक्त रिअल-टाइम तपासणीला लागू होते; ठरलेल्या वेळी चालणाऱ्या पूर्ण स्कॅनला ती लागू होत नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हरसारखे वेगळे बसवलेले सॉफ्टवेअर त्यात येत नाही, त्याची यादी स्वतः भरावी लागते. ठरलेल्या स्कॅनसाठी प्रोसेसरच्या वापराची मूळ मर्यादा ५० टक्के असते, आणि तीही सरासरी राखण्याचा प्रयत्न अशा स्वरूपाची. डेटाबेस सर्व्हरवर मी ती खाली आणली.

डिफेंडरची एक गोष्ट मला मनापासून आवडली. पॉवरशेलमधून त्याच्या कामाचे रेकॉर्डिंग करता येते आणि नंतर कोणत्या फाइलींवर, कोणत्या प्रोसेसमुळे, किती वेळ तपासणीत गेला याची क्रमवारी मिळते. आमच्या फाइल सर्व्हरवर सकाळी दहाला होणारी तक्रार मी या मार्गाने सोडवली. एका विभागाचा अहवाल बनवणारा प्रोग्राम दर मिनिटाला तीच मोठी झिप फाइल नव्याने लिहीत होता, आणि दर वेळी ती आतपर्यंत उलगडून तपासली जात होती. दोष प्रोग्रामचा होता आणि खापर अँटिव्हायरसवर फुटत होते. असे साधन इतरांकडेही या पातळीवर असावे असे वाटते.

डिफेंडरची अडचण दुसरीकडे आहे. डेस्कटॉप विंडोजवर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर आपोआप बाजूला होते. सर्व्हरवर तसे होत नाही. तिथे ते हाताने काढावे लागते, किंवा डिफेंडर फॉर एंडपॉइंट या सशुल्क सेवेशी सर्व्हर जोडून रजिस्ट्रीतून निष्क्रिय अवस्थेत टाकावे लागते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असलेले सर्व्हर इतके आढळतात, त्याचे हे एक कारण. आणि अंगभूत डिफेंडर फुकट असले तरी सगळ्या सर्व्हरचे चित्र एका जागी दाखवणारे केंद्रीय कन्सोल, संशयास्पद हालचालींचा माग आणि दूरवरून सर्व्हर नेटवर्कपासून तोडण्याची सोय हे सशुल्क सेवेतच मिळते. दहा सर्व्हरवर दहा वेळा लॉगिन करून लाल-हिरवे चिन्ह पाहणे म्हणजे देखरेख नव्हे.

ईसेट सर्व्हर सिक्युरिटी हे पूर्वी ईसेट फाइल सिक्युरिटी या नावाने ओळखले जायचे. स्लोव्हाकियाच्या या कंपनीच्या उत्पादनाला सर्व्हरची समज आहे, हे पहिल्या अर्ध्या तासात जाणवते. मशीनवरील सर्व्हरचे सॉफ्टवेअर ओळखून ते शिफारस केलेली वगळणी स्वतः सुचवते आणि लावते, आणि काय लावले ते यादीत स्पष्ट दिसते. सर्व्हर कोअरवर, म्हणजे जिथे खिडक्याच नाहीत अशा सर्व्हरवर, ‘ईशेल’ नावाच्या कमांडच्या साधनातून सगळे चालवता येते. अपडेट उशिराने घेण्याचा पर्याय आहे आणि सदोष अपडेट आले तर मागे फिरण्याचीही सोय आहे. व्यवस्थापनाचे कन्सोल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते किंवा क्लाउडमध्ये. इंटरनेटपासून वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कसाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. कुरबूर एवढीच, की सेटिंगचे झाड फार खोल आहे. एखादी गोष्ट सापडली की ती नेमकी करते ते कळते, पण ती शोधताना माणूस तीन फांद्या चुकतो. नवख्याच्या हाती द्यायचे असेल, तर आधी कोणीतरी पॉलिसी बसवून दिलेली बरी.

बिटडिफेंडर ग्रॅव्हिटीझोनची खरी ताकद व्हर्च्युअल मशीनच्या गर्दीत दिसते. एका होस्टवर वीस मशीन असतील आणि प्रत्येकीतला अँटिव्हायरस एकाच वेळी अपडेट होऊन स्कॅन करू लागला, तर डिस्कवर अक्षरशः झुंबड उडते. यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की तपासणीचे जड काम ‘सिक्युरिटी सर्व्हर’ नावाच्या एका वेगळ्या मशीनकडे सोपवायचे आणि बाकीच्यांमध्ये हलका एजंट ठेवायचा. एकदा तपासलेली फाइल दुसऱ्या मशीनवर पुन्हा तपासावी लागत नाही. कल्पना चांगली आहे, पण आता ते मशीन सांभाळणे हेही एक काम होऊन बसते, त्याला मेमरी द्यावी लागते आणि ते बंद पडले तर काय, याचे उत्तर आधी ठरवावे लागते. आमच्यासारख्या दोन होस्टच्या ठिकाणी मला ते ओझेच वाटले. दहा होस्ट असते तर मत वेगळे असते. एजंटच्या अपडेटसाठी वेगवान आणि संथ अशा दोन रांगा आहेत, त्यामुळे चाचणीचा सर्व्हर वेगवान रांगेत आणि बाकीचे संथ रांगेत ठेवता येतात. कन्सोलची मांडणी चारही उत्पादनांत मला सर्वांत सुटसुटीत वाटली, पण कोणता मॉड्यूल कोणत्या पॅकेजमध्ये येतो हे समजून घ्यायला विक्रेत्याशी दोनदा बोलावे लागले.

सोफोसविषयी लिहिताना एका विशिष्ट हल्ल्याबद्दल सांगायला हवे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली एन्क्रिप्ट करून (वाचता न येण्याजोग्या करून) खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, दर वेळी सर्व्हरवरच चालते असे नाही. कोणाच्या तरी असुरक्षित लॅपटॉपवर ते चालते आणि नेटवर्कवरून सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमधल्या फाइली एकामागून एक एन्क्रिप्ट करत जाते. सर्व्हरच्या दृष्टीने हे एका अधिकृत वापरकर्त्याने फाइली उघडून पुन्हा साठवणे असते. सर्व्हरवर एकही वाईट प्रोसेस नसते, मग पकडणार कोणाला? सोफोसचा ‘क्रिप्टोगार्ड’ फाइलींचा मजकूर कसा बदलतो आहे यावर लक्ष ठेवतो, बदल एन्क्रिप्शनसारखे दिसले की त्या दूरच्या मशीनला अडवतो आणि बदललेल्या फाइली पूर्ववत करतो. नकलेवरच्या फाइल सर्व्हरवर मी दुसऱ्या मशीनवरून एका साध्या स्क्रिप्टने फोल्डरमधल्या फाइली एन्क्रिप्ट करायला घेतल्या. काही फाइलींनंतर स्क्रिप्टला लिहिण्याची परवानगी नाकारली गेली आणि आधीच्या फाइली मूळ रूपात परत आल्या. या एका प्रसंगाने माझे मत बरेच झुकले, हे मान्य करतो. मात्र सोफोसचे व्यवस्थापन आता पूर्णपणे क्लाउडमधून होते. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचे त्यांचे जुने कन्सोल २०२३ मध्ये बंद झाले. आतल्या सर्व्हरसाठी अपडेट साठवणारे आणि निरोप पोहोचवणारे मध्यस्थ मशीन ठेवता येते, पण बाहेरच्या जगाशी अजिबात संबंध नको असलेल्या ठिकाणी हे उत्पादन बसणार नाही. सर्व्हरचे लायसन्स डेस्कटॉपच्या लायसन्सपेक्षा वेगळे घ्यावे लागते, हे दरपत्रक मागताना आधीच स्पष्ट करून घ्यावे.

लिनक्सच्या दोन मशीनवर क्लॅमएव्ही आधीपासून होते. ते खुले आणि फुकट आहे, त्याची निगा सिस्कोचा टॅलोस हा विभाग ठेवतो, आणि वेबवरून अपलोड होणाऱ्या फाइली किंवा मेलची जोडपत्रे तपासण्यासाठी ते पुरेसे उपयोगी आहे. पण सह्यांचा, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा, सगळा संच ते मेमरीत ठेवते, त्याला १ गिगाबाइटपेक्षा जास्त जागा लागते, आणि संच नव्याने भरताना ती काही काळ जवळजवळ दुप्पट होते; छोट्या व्हर्च्युअल मशीनवर नेमक्या त्याच क्षणी सिस्टिम भलत्याच प्रोसेसचा बळी देते. फाइल उघडताक्षणी अडवण्याची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. ज्या सॉफ्टवेअरवर व्हर्च्युअल मशीन चालतात त्या थराचा प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर रॅन्समवेअरची लाट आली, तेव्हा आतल्या मशीनमधला कोणताही अँटिव्हायरस कामाचा नव्हता, कारण हल्ला त्यांच्या खालच्या थरावर होता. आणि ज्या त्रुटीचा फायदा घेतला गेल्याचे सांगितले गेले, तिचा पॅच दोन वर्षांपूर्वीच आला होता. वॉनाक्राय या रॅन्समवेअरचेही तेच. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ रोजी आला आणि हल्ला झाला १२ मे रोजी.

अपडेटचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तो सर्वांनाच लागू आहे. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या सह्यांच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही सिस्टिमचीच फाइल व्हायरस ठरवली आणि मशीन पुन्हा पुन्हा रीबूट होऊ लागल्या. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या फाल्कन या सुरक्षा उत्पादनासाठी आलेल्या एका सदोष फाइलने विंडोजच्या मशीन निळ्या पडद्यावर आणून ठेवल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर अडकलेल्या मशीन बहुतेक ठिकाणी एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन दुरुस्त कराव्या लागल्या, आणि जिथे डिस्क विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनने कुलूपबंद होती तिथे आधी किल्ली शोधावी लागली. किल्ल्या ज्या सर्व्हरवर साठवल्या होत्या तोच बंद असेल, तर पुढचा दिवस कसा गेला असेल याची कल्पना करावी. यातला सूक्ष्म पण महत्त्वाचा भाग असा, की कित्येक ग्राहकांनी एजंटची एक आवृत्ती मागे राहण्याची काळजी घेतली होती, तरीही ते सापडले, कारण सदोष फाइल एजंटच्या आवृत्तीत नव्हती, तर मजकुराच्या, म्हणजे धोका ओळखण्याच्या माहितीच्या, अपडेटमध्ये होती आणि ती सगळ्यांना एकदम जात होती. त्यानंतर त्या कंपनीने मजकुराच्या अपडेटवरही ग्राहकांना नियंत्रण दिले. म्हणून विक्रेत्याला प्रश्न असा विचारावा: एजंट, इंजिन आणि सह्या या तिन्हींची अपडेट वेगवेगळी रोखता येतात का, आणि माझ्या दोन डोमेन कंट्रोलरना ती एकाच तासात मिळणार नाहीत याची तजवीज करता येते का? गुळमुळीत उत्तर आले, तर ते उत्तरच समजावे.

प्रयोगशाळांच्या निकालांविषयी थोडक्यात. माग्डेबर्गची एव्ही-टेस्ट संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ पैकी गुण देते. इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज व्यवसायांसाठीच्या उत्पादनांची स्वतंत्र चाचणी घेते. दोन्हींचे निकाल जरूर पाहावेत, विशेषतः निर्दोष फाइलींना दोषी ठरवण्याचे प्रमाण. पण या चाचण्या डेस्कटॉप विंडोजवर होतात. डेटाबेस, डिरेक्टरी आणि व्हर्च्युअल डिस्क सांभाळणाऱ्या सर्व्हरवर तेच उत्पादन कसे वागेल, हे त्या गुणांवरून कळत नाही, आणि वरच्या पाच-सहा उत्पादनांतला फरक इतका थोडा असतो, की निव्वळ त्यावर खरेदी करणे म्हणजे नाणेफेक.

उत्पादन कोणत्या देशातून येते, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी मी हसण्यावारी नेला असता. पण अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जून २०२४ मध्ये कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तेथील ग्राहकांना अपडेट देणेही थांबले. उत्पादनाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध असो वा नसो, तीन वर्षांचे लायसन्स घेतलेल्यांना तीन महिन्यांत सर्व सर्व्हरवर बदल करावा लागला. लांब मुदतीच्या सवलतीचा मोह झाला, तर एवढे आठवावे.

चाचणी कशी घ्यावी, याचीही माझी पद्धत सांगतो. आयकारची चाचणी फाइल फक्त ६८ अक्षरांची आणि पूर्णपणे निरुपद्रवी असते, पण चाचणीसाठी म्हणून अँटिव्हायरस तिला व्हायरससारखे पकडतात. ती टाकून अलर्ट कन्सोलपर्यंत आणि मेलपर्यंत किती वेळात पोहोचतो ते पाहावे, आणि मग तीच फाइल प्रत्येक वगळलेल्या फोल्डरमध्ये टाकून पाहावी, म्हणजे आपण किती मोठे दार उघडे ठेवले आहे ते कळते. वेगासाठी छोट्या फाइलींचे एकच मोठे फोल्डर अँटिव्हायरसशिवाय आणि अँटिव्हायरससह तीनतीनदा कॉपी करावे. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत फरक पडतो, कारण तपासलेल्या फाइली लक्षात ठेवल्या जातात, म्हणून एकाच फेरीवरून मत बनवू नये. त्यानंतर रात्रीचा बॅकअप चालू असताना स्कॅन लावून बघावा. आणि शेवटी, काही झाले तरी, उत्पादन पूर्ण काढून टाकून पाहावे, रीबूट करावा, आणि ‘एफएलटीएमसी’च्या यादीत त्याचा ड्रायव्हर मागे राहिला की नाही ते तपासावे. लग्नाआधी घटस्फोटाची चौकशी केल्यासारखे हे वाटेल, पण आमच्या फाइल सर्व्हरवरचा तो जुना ड्रायव्हर काढताना गेलेली रविवारची दुपार मी विसरलेलो नाही.

ही सगळी उत्पादने अलर्ट देतात. तो वाचणार कोण, हे कोणतेही उत्पादन ठरवून देत नाही. हल्लेखोर आत शिरल्यावर पहिला प्रयत्न अँटिव्हायरस बंद पाडण्याचा करतात, म्हणून परवानगीशिवाय एजंट काढता किंवा थांबवता येऊ नये ही सेटिंग चारही ठिकाणी चालू केली आणि ‘एजंटशी संपर्क तुटला’ या अलर्टला मी ‘व्हायरस सापडला’पेक्षा वरचा दर्जा दिला. सापडलेला व्हायरस बहुधा अडवलेला असतो. गप्प झालेला एजंट मात्र काहीच सांगत नाही. चोवीस तास कन्सोल पाहणारे माणूस नसेल, तर कंपनीच्या तज्ज्ञांकडून देखरेख करवून घेण्याची सेवा चौघांकडेही वेगळ्या शुल्कात उपलब्ध आहे. रात्रपाळी नसलेल्या व्यवसायाने जास्तीच्या मॉड्यूलवर खर्च करण्याआधी या सेवेचा विचार करावा.

आम्ही काय घेतले? फाइल सर्व्हरवर आणि विंडोजच्या दोन्ही डेटाबेस सर्व्हरवर सोफोस, दूरच्या एन्क्रिप्शनवरील त्या इलाजासाठी. दोन्ही डोमेन कंट्रोलर आणि हायपर-व्ही होस्टवर डिफेंडर, आपोआप वगळणीसाठी आणि तिथे कमीत कमी परकी गोष्ट असावी म्हणून, मात्र सशुल्क सेवेशी जोडून. दोन कन्सोल पाहावी लागतात, ही तक्रार माझे सहकारी करतात आणि ती रास्त आहे. पण एकाच कंपनीचे सदोष अपडेट आले तर सगळा पसारा एकदम झोपणार नाही, यासाठी मी ती गैरसोय पत्करली. बाहेरच्या जगाशी संबंध नसलेले नेटवर्क असते, तर डोळे मिटून ईसेट घेतले असते. लिनक्सवर क्लॅमएव्ही ठेवले आहे, मशीनची मेमरी वाढवून. ज्या डेटाबेस सर्व्हरने हे सगळे सुरू केले, तो गेल्या महिनाअखेरीला पुन्हा रीस्टार्ट केला. डेटाबेस सुरू व्हायला चाळीस सेकंद लागली, आणि ती सगळी मी उभ्याने मोजली.